कासवाच्या पाठीवरच्या नोंदी सर्वांच्या व्हाव्यात

रावेरच्या केळीबागायतदाराचे जितके लक्ष बागेवर असते, तितकेच महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावरही असते. उन्हाने घड सटकले तरी हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई ठरते ती त्या केंद्राने नोंदवलेल्या तापमानावर. त्यामुळे केंद्र कुठे बसवले, एका केंद्रावर किती गावांची भिस्त आहे आणि नोंदी कोणाला पाहता येतात, यावर खानदेशात पोटतिडकीने बोलले जाते. अरबी समुद्रातल्या कासवांबाबतही आता हेच प्रश्न विचारायला हवेत.

२५ जानेवारी २०२२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर चिकटवला गेला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’. पाठोपाठ आंजर्ल्याची ‘सावनी’, गुहागरच्या ‘वनश्री’, ‘लक्ष्मी’ आणि ‘रेवा’, तर २०२३ मध्ये ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ अशा आणखी माद्या यंत्र घेऊन समुद्रात गेल्या. वन विभागाशी संलग्न मँग्रोव्ह फाउंडेशन आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा उपक्रम. कासव श्वास घ्यायला पृष्ठभागावर आले की अँटेना पाण्याबाहेर येते आणि उपग्रहाला सिग्नल जातो. काही महिन्यांनी बॅटरी संपते किंवा यंत्र गळून पडते.

वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी घरटी राखली. पण हे राखणे वाळूपुरतेच शक्य होते. मादी तासाभरात अंडी घालून परत फिरली की पुढे तिचे काय होते, हे कोणालाच दिसत नव्हते. बागेश्रीने ते दाखवले. गुहागरहून निघालेली ही मादी दक्षिणेकडे पोहत गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. तिच्याकडे ट्रान्समीटर नव्हता, होता फक्त क्रमांक कोरलेला धातूचा छोटा बिल्ला. दोन्ही किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी धरून त्यांच्या रक्षणाचे वेगवेगळे आराखडे करणे आता पटणारे नाही.

प्राण्यावर यंत्र बसवून समुद्र समजून घेण्याची ही पद्धत साठ वर्षांची आहे. जेराल्ड कुयमन यांनी १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलवर स्वयंपाकघरातल्या टायमरपासून बनवलेले खोलीमापक बसवले होते. आता असे सील बर्फाखालच्या पाण्याचे तापमान आणि क्षारता कळवतात. आपल्याच महासागरातले रियुनियन बेटाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तिथे मासेमारीच्या गळांना अडकून जखमी झालेल्या ऑलिव्ह रिडले कासवांवर केलोनिया केंद्रात उपचार होतात. २०१९ पासून त्यातल्या काहींना पाण्याचे तापमान मोजणारी यंत्रे लावून सोडले गेले आणि चक्रीवादळांच्या वाटेवरच्या समुद्राच्या नोंदी शास्त्रज्ञांना मिळू लागल्या. अरबी समुद्राच्या पाण्यातली उष्णता आणि वाफ पावसाबरोबर सातपुड्यापर्यंत पोहोचते. कोकणातल्या कासवांनी अशा नोंदी दिल्या तर त्या खानदेशाच्याही कामाच्या ठरतील.

प्राण्याला या यंत्राचा त्रास होतो का, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. किंग पेंग्विनच्या परांना धातूच्या पट्ट्या बांधण्याची पद्धत अनेक वर्षे निर्धोक मानली जात होती. दहा वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पट्टी बांधलेल्या पक्ष्यांचा जगण्याचा दर १६ टक्क्यांनी कमी होता आणि त्यांना पिल्लेही ३९ टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणूनच यंत्र हलके हवे, ते आपोआप गळून पडणारे हवे आणि प्रत्येक यंत्रामागे स्पष्ट प्रश्न हवा. जीवाला दिलेला हा भार नोंदी फाइलीत पडून राहिल्या तर समर्थनीय ठरत नाही.

कोकणातली अडचण नेमकी इथे आहे. दोन हंगामांतल्या सात माद्यांवरून साऱ्या किनाऱ्याचे चित्र काढता येत नाही. नर सहसा किनाऱ्यावर येत नाहीत, त्यामुळे ते या नोंदींत नाहीतच. अंडी घालण्याचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च, तर मासेमारीबंदी पावसाळ्यात. म्हणजे किनाऱ्याजवळ माद्यांची वर्दळ असते तेव्हाच ट्रॉलरही समुद्रात असतात.

राज्याने टॅगिंगकडे एखाद्या मोसमाची बातमी म्हणून पाहू नये. दर हंगामात, अनेक किनाऱ्यांवर, किमान दहा वर्षे हे काम चालले पाहिजे. कासवांचे मार्ग मराठीत, खुल्या नकाशावर प्रसिद्ध व्हावेत आणि मच्छीमार सोसायट्या व कासवमित्रांपर्यंत पोहोचावेत. जाळे कापून संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. त्या दाव्यांची ठिकाणे आणि उपग्रहाचे मार्ग एका नकाशावर आणले, तर कोणत्या पट्ट्यात ट्रॉल जाळ्याला कासव बाहेर पडण्याची वाट सक्तीची करायची, हे मच्छीमारांशी बोलून ठरवता येईल. भारतीय ट्रॉलर अशी जाळी वापरत नाहीत म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणे थांबवले आहे. त्यामुळे या निर्णयात मच्छीमारांचेही हित आहे.