'गिफ्ट': भेट, विष आणि लग्न

ईद असो, अकिका असो की निकाह, 'गिफ्ट काय द्यायचे?' हा प्रश्न आता घरोघरी ठरलेला. आपल्या लेखी गिफ्ट म्हणजे भेटवस्तू. तो अर्थ इंग्रजीचा. जर्मन भाषेत मात्र 'गिफ्ट' म्हणजे चक्क विष! स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विषही आणि 'विवाहित'ही.

वाचकहो, हे तिन्ही अर्थ एकाच घरातले आहेत. या भाषांतील 'देणे' या क्रियापदापासून हा शब्द झाला. लग्नात मुलगी 'दिली' जाते, म्हणून विवाहित. आपणही 'मुलगी कुठे दिली?' असेच विचारतो. विषाचा अर्थ औषधाच्या वाटेने आला. ग्रीक भाषेत 'दोसिस' म्हणजे देणे. वैद्यांनी तो शब्द औषधाच्या मात्रेसाठी वापरला; आपण म्हणतो तो 'डोस' हाच. त्याच वळणावर जर्मन 'गिफ्ट' गेला. दिलेली मात्रा, मग घातक मात्रा, शेवटी नुसते विष. डच भाषेने वाटणी करून घेतली: 'गिफ्ट' म्हणजे देणगी आणि 'गिफ' म्हणजे विष.

यात लग्नाचा व्यवहारही दडला आहे. जुन्या इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे वधूसाठी मोजलेली रक्कम. जर्मन भाषेत 'मिटगिफ्ट' म्हणजे मुलीसोबत दिलेले, अर्थात हुंडा. विष आणि हुंडा असे एकाच शब्दाच्या आसऱ्याला राहिले.

आम्हाला हे आज सांगावेसे वाटले, कारण आपल्याकडेही हुंड्याने 'गिफ्ट'चा बुरखा घेतला आहे. 'आम्हाला काही नको, तुम्ही मुलीला जे गिफ्ट द्याल ते,' असे म्हणायचे आणि गाडीचे मॉडेलही सुचवायचे! 1961 चा हुंडा प्रतिबंधक कायदा न मागता दिलेल्या भेटींना मनाई करत नाही, आणि मेहरला हुंडाही मानत नाही. मागणी आली की मात्र गुन्हा होतो, मग तिला नाव काहीही द्या.

देण्याची जबाबदारी खरे तर नवऱ्याची. मेहर हा बायकोचा हक्क आहे. पण कित्येक घरांत मेहर उधार आणि जहेज रोख! येत्या हंगामात रिश्ता ठरवायला बसाल तेव्हा यादी मांडण्याआधी मुलाकडच्यांना एवढेच विचारा: मेहर किती, आणि तो कधी देणार?