२१४ कोटींचा ‘तो’ आकडा आणि २०३८ ची सकाळ: काळजी आत्ताच का करायची?

२१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. हा आकडा लक्षात ठेवा. १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी जगभरातली अनेक जुनी यंत्रं याच आकड्यावर येऊन अडू शकतात.

आकड्यात एवढं काय आहे?

२ ही संख्या ३१ वेळा घेऊन गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा, हाच आकडा मिळतो. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये एका पत्रात हे सिद्ध केल्याचं कळवलं. भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे त्याने आधी शोधलं. त्यामुळे फार तर ३७२ भागाकारांत काम झालं. तेही कागदावर!

संगणकाशी काय संबंध?

३२ बिटच्या जागेत एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो, उरतात ३१. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. मोजणी इथे पोहोचली की पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख थेट डिसेंबर १९०१ दाखवली जाते. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज याच मर्यादेपाशी आले, तेव्हा यूट्यूबने मोजणी ६४ बिटवर नेली.

मग घाई कशाला?

कारण २०३८ वाटतं तितकं लांब नाही. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते त्यापलीकडे जातात. तुमचा नवा मोबाइल बहुधा ६४ बिटचा आहे. तिथे सेकंदांची मोजणी २९ हजार कोटी वर्षांहून अधिक काळ पुरेल. खरा प्रश्न एकदा बसवल्यावर वर्षानुवर्षं कोणी हात न लावणाऱ्या यंत्रांचा आहे: कारखान्यातले कंट्रोलर, मीटर, जुने डेटाबेस.

‘वायटूके’ फुसका बार ठरला, असं आजही सांगितलं जातं. माझ्या मते तो फुसका ठरला, कारण हजारो प्रोग्रामरनी आधीच रात्री जागून दुरुस्ती केली होती. त्यात भारतीय मोठ्या संख्येने होते.

म्हणूनच पंधरा-वीस वर्षं चालणारं कोणतंही यंत्र घेताना महापालिका असो वा सरकारी खातं, निविदेत एक ओळ सक्तीची हवी: ‘२०३८ नंतरची तारीख चालते का, हे तपासून दाखवा.’ आज ही ओळ लिहायला काहीच खर्च येत नाही. बसवलेली यंत्रं शोधून बदलायची वेळ आली, तर बिल आपल्याच करातून जाणार आहे.