बाळाच्या नावात आई आली, घराच्या कागदावर कधी?

माझ्या आठव्या महिन्यात आम्ही खोपोलीत घर घ्यायला निघालो. दोन खोल्या, खिडकीतून बोरघाट दिसणारा, स्टेशनला चालत जाता येईल अशा जागी. बाळ यायच्या आत घर झालेच पाहिजे, असा सासूबाईंचा आग्रह. "भाड्याच्या घरात बारसं करायचं का?" आईचे उलट : "पोटुशी बाईनं घर बदलू नये, आधी सुखरूप बाळंत होऊ दे." शेवटी तोडगा निघाला. कागद आधी करायचे, राहायला बाळंतपणानंतर जायचे. या चर्चेत माझ्या तब्येतीचा विचार सगळ्यांनी केला. माझ्या नावाचा कुणीच केला नाही. मीसुद्धा नाही.

नोंदणीच्या दोन दिवस आधी एजंट घरी आला. "वहिनींना या दिवसांत कशाला त्रास? तिथे तासन्‌तास बसावं लागतं. साहेबांच्या एकट्याच्या नावावर करून टाकू. नाव काय, नंतरही चढवता येतं." बोलण्यात इतकी काळजी होती, की मी मान डोलावली. सुरुवातीच्या रकमेत माझी सहा वर्षांची बचत होती, आईने दिलेल्या पाटल्या होत्या. कर्जाच्या अर्जावर माझी सही आधीच झाली होती. म्हणजे कर्ज फेडायला मी होते, मालक म्हणून नव्हते. शिबिरांतून बायकांना मालमत्तेचे हक्क समजावणाऱ्या मला हे रात्री पाठ टेकल्यावर उमगले!

सकाळी नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का?" मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणींनी ऐकला असेल! मी म्हटले, "विश्वास आहे म्हणून तर कर्जावर सही केली. आता तुझा विश्वास कागदावर दिसू दे." तो बराच वेळ गप्प राहिला, मग त्याने एजंटला फोन केला. घर दोघांच्या नावावर झाले. पण मी त्या रात्री झोपी गेले असते तर?

घर बाळाआधी घ्यावे की नंतर, हा प्रश्न घराघरात मुहूर्ताचा किंवा पैशाचा म्हणून चर्चिला जातो. माझ्या मते तो बाईच्या ताकदीचा आहे. सातव्या महिन्यापासून बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत ती थकलेली असते, अनेकदा माहेरी असते आणि तिचा पगार थांबलेला असू शकतो. नेमक्या याच काळात कुटुंबाचा आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार उरकला जातो. तिला वगळण्यासाठी कुणाला दुष्टपणा करावा लागत नाही, काळजी दाखवली की पुरते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो. खास कारण असेल तर नोंदणी अधिकारी घरी येऊन दस्त स्वीकारू शकतो. शारीरिक कारणाने हजर राहता येत नसेल, तर त्याचीही सोय कायद्यात आहे. म्हणजे 'तिला जमणार नाही' ही सबब टिकत नाही. 'नंतर चढवू' म्हणजे पुन्हा नवा दस्त, आणि कर्ज असेल तर बँकेची संमती. ते 'नंतर' बहुधा येतच नाही.

महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून फक्त बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्यासोबत संयुक्त नावावर घेतले, तर ती मिळत नाही. तीस लाखांच्या घरामागे तीस हजार वाचतात, म्हणून काही पुरुष आनंदाने बायकोचे नाव लावतात. नाव लागले हे चांगलेच. पण मूळ कागद कुणाच्या कपाटात आहेत, हेही विचारा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. मात्र राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

हप्त्यांचेही तसेच. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पण आपल्या भागातल्या कंत्राटी कामगार, छोट्या दवाखान्यांतल्या मावशी, खाजगी बालवाड्यांतल्या बाई यांच्यापैकी किती जणींच्या हाती ती पडते? तिचा पगार धरून कर्ज काढायचे आणि पगार थांबला, की हप्त्यासाठी तिला दीड महिन्याचे बाळ सोडून कामावर पाठवायचे, हे मी पाहिले आहे. निदान सहा हप्ते बाजूला पडले नसतील, तर घर थांबू द्यावे. पाळणा भाड्याच्या खोलीतही हलतो. आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 'बारशाआधी चावी देतो' हे तोंडी ऐकून हरखू नये. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताब्याची तारीख करारनाम्यात लिहावी लागते, आणि करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचे नाव लावणे शासनाने सक्तीचे केले. माझ्या लेकीच्या दाखल्यावर तिच्या नावाशेजारी माझे नाव आहे. ते वाचताना उर भरून येतो. पण ती ज्या घरात रांगायला शिकली, त्याच्या कागदावर माझे नाव आले ते एका रात्रीच्या अस्वस्थतेमुळे. हक्क असा योगायोगावर सोडायचा का?

आपापल्या गटात एक साधी गोष्ट करू या. पुढच्या डोहाळजेवणाला ओटी भरताना त्या मैत्रिणीला एवढेच विचारू या : "घर कुणाच्या नावावर आहे गं?"