वांग्यातली अळी आणि चार प्रश्न

मुलांनो, तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यात या वेळी एक पत्र निघालं आणि मी बाकीची बाजूला ठेवली. पत्र कृष्णाकाठच्या एका मैत्रिणीचं आहे. इयत्ता सातवी. आधी तिचंच म्हणणं वाचा.

"काका, आमची वांग्याची शेती आहे. बाबा हंगामात दर आठवड्याला फवारणी करतात. फवारून आले की त्यांचे डोळे चुरचुरतात. आई त्यांना आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नाही. परवा मामा आला होता. तो म्हणाला, बीटी वांगं आलं असतं तर एवढं फवारावं लागलं नसतं. आजी म्हणाली, जे वांगं अळी खात नाही ते आपण कसं खायचं? दोघांची चांगलीच जुंपली. भरलं वांगं ताटात गार झालं. खरं कुणाचं?"

आजीचा प्रश्न लाखमोलाचा आहे, बरं का! त्याला हसू नका. आधी त्याचंच उत्तर शोधू या.

वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. ही भारी लबाड! एकदा फळात शिरली की वरून कितीही औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून शेतकरी ती आत शिरण्याआधीच फवारतो, आणि पुन्हा पुन्हा फवारतो.

आता 'बीटी' म्हणजे काय ते पाहू. मातीत राहणारा हा एक जिवाणू आहे. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे पटापट मरू लागले, तेव्हा इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला तो सापडला. पुढे १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांनी त्याचा अभ्यास केला आणि नंतर तिथल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' असे नाव दिले. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? म्हणून झालं बीटी! हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो आणि ते काही अळ्यांना मारक ठरते. सेंद्रिय शेती करणारेही या जिवाणूची फवारणी करतात.

शास्त्रज्ञांनी पुढची पायरी गाठली. प्रथिन कसं बनवायचं याची कृती जिवाणूच्या ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुकच त्यांनी वांग्याच्या झाडात घातलं. आता झाड स्वतःच ते प्रथिन बनवतं. अळीने कुरतडलं की ती मरते.

"मग आपण?" आजी विचारणारच!

अळीचं पोट आणि आपलं पोट यांत मोठा फरक आहे. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात हे प्रथिन विरघळतं, जागं होतं आणि आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागी जाऊन चिकटतं. मग अस्तराला भोकं पडतात. आपल्या जठरात असतं आम्ल. तिथे या प्रथिनाचे तुकडे होतात, आणि त्याला चिकटायला लागणाऱ्या त्या जागाही आपल्या आतड्यात नसतात. एकाला मारक ते सगळ्यांना मारक असं नसतंच मुळी. चॉकलेट कुत्र्याला बाधतं, आपण मात्र मिटक्या मारत खातो!

आणखी एक शंका तुमच्यापैकी पुष्कळांनी विचारली आहे. असं अन्न खाल्लं तर आपली जनुकं बदलतील का? अहो, मेथीच्या भाजीत मेथीची जनुकं असतात, भाकरीत ज्वारीची. आपण रोज ती खातो आणि पचवतो. अजून कुणाच्या डोक्यावर मेथी उगवलेली ऐकिवात नाही.

म्हणजे मामा जिंकला? थांबा. आपण फक्त एका प्रथिनाबद्दल बोललो. सगळ्या जनुक बदललेल्या अन्नाबद्दल नाही. आता दोन गोष्टी सांगतो. दोन्ही अमेरिकेतल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या.

पहिली गोष्ट सोयाबीनची. सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर, पण मेथिओनिन नावाचा एक घटक कमी. ब्राझील नट नावाच्या मोठ्या बियांमध्ये तो भरपूर असतो. एका बियाणे कंपनीने जनावरांचे खाद्य सकस व्हावे म्हणून ब्राझील नटचे एक जनुक सोयाबीनमध्ये घातले. कल्पना छानच होती. पण काही माणसांना ब्राझील नटचे वावडे असते. खाल्ले की अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, कधी जिवावरही बेतते. मग नव्या सोयाबीनचं काय?

नेब्रास्का विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते तपासले. वावडे असलेल्या नऊ जणांच्या रक्तातला निवळ भाग त्यांनी घेतला. ज्या प्रथिनाचे जनुक सोयाबीनमध्ये घातले होते, नेमके तेच प्रथिन नऊपैकी आठ जणांच्या रक्ताने ओळखले. वावड्याची खोडी जनुकाबरोबर सोयाबीनमध्ये आली होती! १९९६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते सोयाबीन बाजारात कधी आलेच नाही.

काही जण ही गोष्ट सांगून म्हणतात, "बघा, असलं अन्न घातक!" दुसरे म्हणतात, "बघा, चाचणी किती चोख!" मला विचाराल तर दोघेही बरोबर आहेत. धोका खरा होता, आणि कुणीतरी आधी शंका घेतली म्हणूनच तो सापडला.

दुसरी गोष्ट मक्याची. स्टारलिंक नावाच्या मक्यात बीटीचंच, पण वेगळं प्रथिन होतं. ते पचायला जरा चिवट निघाले, उष्णतेनेही लवकर मोडेना. म्हणून १९९८ साली हा मका फक्त जनावरांसाठी मंजूर झाला, माणसांसाठी नाही. पण मक्याच्या दाण्यावर थोडंच लिहिलेलं असतं, 'मी गुरांचा' म्हणून? २००० साली तो माणसांच्या खाण्यात, दुकानातल्या पदार्थांत सापडला. माल परत मागवावा लागला. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांचे रक्त तपासले गेले. या प्रथिनाच्या वावड्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. पण धडा मिळाला: प्रयोगशाळेतली चाचणी चोख असली तरी गोदामातली शिस्तही चोख हवी.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की 'जनुक बदललेलं अन्न सुरक्षित आहे का?' या प्रश्नाला सरसकट एक उत्तर नाही. प्रत्येक पीक वेगळं तपासायचं. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१६ साली शेकडो अभ्यास चाळले. तोवर बाजारात आलेल्या अशा पिकांमुळे आरोग्याला नेहमीच्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा त्यांना आढळला नाही. पण हे तोवरच्या पिकांबद्दल झालं. उद्याच्या पिकाची परीक्षा उद्या घ्यावीच लागणार.

परीक्षेत काय विचारायचं? हे चार प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१. जनुक कुठून आणलं? त्या मूळ पदार्थाचं कुणाला वावडं आहे का?

२. त्याचं प्रथिन आपल्या जठरात लवकर पचतं का?

३. बाकीचं पीक होतं तसंच राहिलं का? वांग्यात मुळातच थोडी विषारी द्रव्ये असतात, बटाट्यासारखीच. ती वाढली तर नाहीत ना?

४. चाचणी कुणी केली? आणि दुसऱ्या कुणी ती पडताळून पाहिली का?

आपल्या बीटी वांग्याचं घोडं अडलं ते या चौथ्या प्रश्नापाशी. हे वांगं तयार केलं जालन्याच्या महिको कंपनीने. उंदरांना ९० दिवस खाऊ घालण्यासह बऱ्याच चाचण्या झाल्या. २००९ साली सरकारी समितीने हिरवा कंदील दाखवला. पण तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांचे म्हणणे ऐकले, त्यांत आपले नागपूरही होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी निर्णय थांबवला. लोकांचा आणि शास्त्रज्ञांचा विश्वास बसेल अशा स्वतंत्र चाचण्या व्हाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. ती स्थगिती अजून उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ साली परवानगी दिली, आणि तिथले शेतकरी २०१४ पासून हे वांगं पिकवतात. त्यांची फवारणी कमी झाल्याचे पाहणीत दिसले आहे.

आणि आजी, एक गंमत सांगू? आपल्याकडे बीटी कापूस २००२ पासून आहे. त्याची सरकी गिरणीत जाते, तेल माणसांना आणि पेंड गुरांना. प्रथिन बहुतेक सगळं पेंडीत राहतं, शुद्ध केलेल्या तेलात जवळजवळ नसतंच. पण याच कापसाने आणखी एक गोष्ट शिकवली. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला पुरून उरली. म्हणजे 'खायला चालेल का' हा एक प्रश्न, आणि 'शेतात किती वर्षं टिकेल' हा अगदी दुसरा. भांडताना दोन्हींची खिचडी करू नका.

तर मैत्रिणी, तुझ्या पत्राचं उत्तर असं. "अळी मरते, मग आपलं काय?" हे आजीने विचारलं ते बरोबरच केलं. फक्त उत्तर ऐकायच्या आधी 'नाही' म्हणू नये. मामाचंही बरोबर. नव्या वांग्याची तुलना करायची ती आज आपल्या ताटात येणाऱ्या, पुन्हा पुन्हा फवारलेल्या वांग्याशी. कुठल्याशा स्वप्नातल्या वांग्याशी नाही.

पण तुझ्या पत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट बाबांचे डोळे आहेत. भांडणाचा निकाल लागेपर्यंत त्यांनी का थांबायचं? त्यांना सांग, फवारताना चष्मा, मास्क आणि हातमोजे हवेतच, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारायचं नाही. डोळे चुरचुरत राहिले तर डॉक्टरांना दाखवा. कीडलेले शेंडे खुडून नष्ट करा. कामगंध सापळे लावा, नर पतंग त्यात अडकतात. आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही हे औषधाच्या लेबलवर असतं, ते पाळा. तू सातवीत आहेस, ते बारीक अक्षर तू वाचून दाखवू शकतेस.

करून बघा: घरातल्या तेलाच्या पिशवीवर कशाचं तेल आहे ते वाचा. सरकी किंवा सोयाबीन दिसलं तर वरचे चार प्रश्न आईबाबांना विचारा. उत्तरं मला पाठवा, नाव आणि इयत्ता लिहून.

आणि हो, पुढच्या वेळी वाद जेवण झाल्यावर घाला. भरलं वांगं गरमच खायचं असतं!