मान कोणाला, मानधन कोणाला?

४ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेटवीरांची उघड्या बसमधून मिरवणूक निघाली आणि त्यांना डोळे भरून पाहण्यासाठी समुद्रकाठी माणसांचा दुसरा समुद्र लोटला. त्या आनंदाचे आम्हांला वावडे नाही. आपला संघ जिंकला की बेळगावच्या गल्ल्यांतही फटाके वाजतात; ते वाजावेत. परंतु दुसऱ्याच दिवशी विधान भवनात खेळाडूंचा सत्कार झाला आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी या संघाला अकरा कोटी रुपये जाहीर केले. त्या क्षणी प्रश्न आनंदाचा राहिला नाही. तो तिजोरीचा झाला. आणि तिजोरी जनतेची आहे.

क्रिकेट नियामक मंडळाने त्याच संघाला १२५ कोटी रुपये जाहीर केले होते. मंडळ धनाढ्य आहे. आपल्या पैशाचे काय करावे हे त्याने ठरवावे. खासगी मालकांनी लिलावात एका खेळाडूवर २७ कोटींची बोली लावली, तोही त्यांच्या हौसेचा आणि हिशेबाचा मामला. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्याचे ताट काठोकाठ भरले आहे त्याच्या पानात सरकारने आणखी तूप ओतावे, आणि जिच्या पानात भाकरही पुरेशी नाही तिला ‘थांबा, पाहू’ म्हणावे, हा कोणता न्याय?

ती कोण? त्या मिरवणुकीच्या सहा महिने आधी याच मुंबईत, आझाद मैदानावर, महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस जमल्या होत्या. ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेला त्यांचा संप पन्नासहून अधिक दिवस चालला. मागण्या कोणत्या? जगण्यापुरते वेतन, ग्रॅच्युइटी आणि म्हातारपणी पेन्शन. यांपैकी ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. न्यायालयाने दिलेले पदरात पाडून घेण्यासाठीही या बायकांना काम सोडून रस्त्यावर यावे लागले. पुढे त्यांच्या मानधनात वाढ झाली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मायदेशी परतलेल्या खेळाडूंना अकरा कोटी जाहीर होण्यास किती अवधी लागला? एक दिवस. आणि त्यांनी तर काही मागितलेही नव्हते!

‘मानधन’ हा शब्दच पाहा. पगार म्हटले की हक्क आला, बढती आली, निवृत्तिवेतन आले. ते सारे टाळण्यासाठी सरकारने हा गोंडस शब्द योजला. मान तर नाहीच, आणि धन किती? केंद्र सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरपासून सेविकेसाठी दरमहा ४५०० रुपये आणि मदतनीस बाईसाठी २२५० रुपये ठरवले. त्यावर राज्ये आपापली भर घालतात. म्हणजे एका समारंभात जाहीर झालेल्या अकरा कोटींत सुमारे दोन हजार सेविकांचे केंद्राने ठरवलेले वर्षभराचे मानधन भागले असते. हा हिशेब मांडायला अर्थशास्त्री लागत नाही. वाण्याच्या वहीइतकी अक्कल पुरते.

आणि या सेविका करतात काय? १९७५ साली सुरू झालेल्या या योजनेचा सारा भार त्यांच्याच खांद्यावर आहे. गल्लीतल्या मुलांची वजने घ्यायची, कुपोषित मूल हेरायचे, पूरक आहार द्यायचा, गरोदर बाईची नोंद ठेवायची, लसीकरणाला माणसे जमवायची, चिमुरड्यांना पहिली अक्षरे दाखवायची. २०२० च्या महामारीत सारे जग दारे लावून बसले असताना दारोदार फिरून पाहणी कोणी केली? तेव्हा त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. साथ ओसरली आणि टाळ्याही ओसरल्या. ताकापुरती आजी, दुसरे काय!

कोणी म्हणेल, महाराष्ट्राला बोल लावून तुम्ही कर्नाटकाच्या पदरात माप टाकता. मुळीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये कर्नाटकातील अंगणवाडी सेविका याच ग्रॅच्युइटीसाठी बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये ठाण मांडून बसल्या होत्या. त्याच बंगळुरात ४ जून २०२५ रोजी एका खासगी मालकीच्या संघाचा सत्कार खुद्द विधानसौधाच्या पायऱ्यांवर झाला, आणि त्याच दिवशी चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जीव गेले. बहुतेक कोवळ्या वयाचे. ज्यांना सेविकांसाठी वेळ नाही, त्यांना विजेत्यांबरोबर छायाचित्रासाठी मात्र क्षणाचाही विलंब खपत नाही. सरकारे दोन, भाषा दोन, रोग एकच.

खेळाडू देशाचे नाव उज्ज्वल करतो, असे उत्तर येईल. खरे आहे. त्याच्या मागे वर्षानुवर्षांची मेहनत असते, हेही खरे. म्हणून त्याला हार घाला, चौघडे वाजवा. पण उद्याचा खेळाडू ज्या अंगणवाडीत पहिला पौष्टिक घास खातो, तेथील बाईला आधी तिचे देणे द्या. सत्कार हा खुशीचा सौदा आहे. मजुरी हे कर्ज आहे. कर्ज थकवून दौलतजादा करणाऱ्याला आपल्याकडे उदार म्हणत नाहीत, उधळ्या म्हणतात.

सीमाबांधवांनो, हे आम्ही महाराष्ट्राच्या कानीकपाळी ओरडून सांगतो, कारण तो आमचा आहे. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, ते कोणी नामांकित तारे नव्हते. तुमच्याआमच्यांतली साधी माणसे होती. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल उंचावून उभी आहेत ती शिल्पेही कामगाराची आणि शेतकऱ्याची आहेत. त्या चौकापासून आझाद मैदान हाकेच्या अंतरावर आहे. शिल्पातल्या कामगाराला फुले वाहायची आणि मैदानावरच्या कामकरणीकडे पाठ फिरवायची, अशा महाराष्ट्रासाठी आम्ही झुंजत नाही.

आमची मागणी सरळ आहे. ‘मानधन’ हा शब्द पुसा आणि तेथे ‘वेतन’ लिहा. निवृत्तीच्या दिवशीच सेविकेच्या हाती ग्रॅच्युइटी पडू द्या. तोवर सरकारी तिजोरीतून कोणत्याही विजयी संघाला एक छदामही देऊ नका. आणि तुम्हांला, वाचकहो, एकच विनंती: यंदा आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर मानाचा पहिला नारळ गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाईंच्या हाती द्या. सरकारला शहाणपण येईल तेव्हा येवो; आपण तरी आपली नजर आधी सुधारू.