तोटीचा नियम आधी सरकारी क्वार्टर्सना लावा



मागच्या महिन्यात घरातील स्वयंपाकघराचा नळ बदलायचा म्हणून मी झाशीच्या सदर बाजारात गेलो होतो. दुकानदाराने तीन-चार तोट्या समोर ठेवल्या. पितळेची, स्टीलचा मुलामा दिलेली, प्लास्टिकची, किंमत प्रत्येकीची वेगळी. मी विचारले, "यातील कमी पाणी लागणारी कोणती?" तो हसला. म्हणाला, "बाबूजी, लोग तो मोटी धार माँगते हैं. कम पानीवाला नल कौन पूछता है?" त्याचे काही चुकले नाही. गिऱ्हाईक जे मागते तेच तो ठेवतो. पण घरी परत येताना वाटले की हा प्रश्न केवळ एका गिऱ्हाइकाचा आणि एका दुकानदाराचा नाही. आपल्या देशात सर्वांत जास्त नळ, शॉवर आणि फ्लशच्या टाक्या विकत घेणारे गिऱ्हाईक म्हणजे सरकार. त्यात रेल्वे आली, डाक खाते आले. त्या गिऱ्हाइकाने दुकानात काय मागावे, हा आपल्या संघटनांचा विषय आहे.

आमची झाशी पाण्याच्या बाबतीत सुखी गाव नाही. बुंदेलखंडाची जमीन कठीण खडकाची, त्यात पाणी मुरायला जागा कमी. शहराची भिस्त बेतवा नदीवरील माताटीला धरणावर. मे २०१६ मधील प्रसंग येथील रेल्वे कामगार विसरलेला नाही. दुष्काळग्रस्त भागासाठी म्हणून पाण्याची गाडी झाशी स्थानकात येऊन उभी राहिली. राज्य सरकारने ती घेण्यास नकार दिला आणि तपासणीत वॅगन रिकाम्या निघाल्या. त्यावर पुढारी एकमेकांवर तुटून पडले, वर्तमानपत्रांना मथळे मिळाले, खेड्यातील बाई मात्र हंडा घेऊन होती तेथेच राहिली.

त्याच्या आदल्याच महिन्यात महाराष्ट्रात आपल्याच बांधवांनी काय केले तेही आठवा. मिरजेहून लातूरला पाणी न्यायचे होते. कोटा येथील वर्कशॉपमध्ये टँक वॅगन आतून वाफेने धुऊन घेतल्या गेल्या आणि १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वॅगनची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पुढे ५० वॅगनच्या गाड्या गेल्या. त्या कामात फिटर, पॉइंट्समन, गार्ड, ड्रायव्हर या सर्वांचा घाम आहे आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे.

आता एक साधा हिशेब करून पाहा. घरातील गळक्या नळाखाली एक लिटरचा मग ठेवा आणि घड्याळ लावा. मग पाच मिनिटांत भरला, तर तासाला १२ लिटर आणि दिवसाला २८८ लिटर पाणी गेले. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे शासनाचेच प्रमाण आहे. म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून जास्त पाणी एका झिजलेल्या वायसरमुळे गटारात गेले. वर्षाला हे १ लाख ५ हजार लिटर होते. लातूरच्या पहिल्या गाडीच्या हिशेबाने दोन वॅगन! एखाद्या वसाहतीत असे शंभर नळ गळत असतील तर वर्षाला दोनशे वॅगन पाणी वाया जाते. शेकडो किलोमीटरवरून पाणी आणायला आपण गाडी सोडतो आणि दाराशी आलेले पाणी राखायला स्टोअरमध्ये वायसर नसतो, याला काय म्हणावे?

कमी पाण्याच्या तोट्यांचे व टाक्यांचे नियम जगात नवे नाहीत. अमेरिकेने १९९२ साली कायदा केला आणि १९९४ पासून घरगुती संडासाच्या फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटर, ही मर्यादा घातली. त्याआधी तेथे साडेतीन गॅलनच्या टाक्या सर्रास होत्या. ऑस्ट्रेलियाने २००५ साली नळ, शॉवर, धुलाई यंत्रे यांच्यावर पाण्याच्या वापराची प्रतवारी दाखवणे सक्तीचे केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२१ साली आय.एस. १७६५० हे मानक काढले. संडासाची भांडी, टाक्या, नळ आणि शॉवर किती पाण्यात काम करतात त्यावरून त्यांची प्रतवारी करण्याची सोय त्यात आहे. २०२२ साली केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने 'भारत टॅप' नावाचा उपक्रमही जाहीर केला.

हे सर्व चांगलेच आहे. कामगार चळवळीने त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु नियम कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

पहिली गोष्ट अशी की बादली आणि लोट्याने अंघोळ करणारा कामगार आजही पाणी जपूनच वापरतो. एका बादलीत त्याची अंघोळ होते. संडासात तो डबाभर पाणी ओततो. तोटीतून मिनिटाला किती लिटर पाणी पडते, याने त्याच्या बादलीत काही फरक पडत नाही. बादली भरली की तो नळ बंद करतो. पाण्याची खरी नासाडी होते ती तासन् तास वाहणाऱ्या टाकीत, फुटलेल्या पाइपात, मोठ्या हॉटेलच्या शॉवरमध्ये आणि कोणाचीच मालकी नसलेल्या सार्वजनिक मुतारीत. नियमाचा पहिला रोख तिकडे हवा. कमी पगाराच्या माणसाला नवी महागडी तोटी घ्यायला लावून पाणी वाचवल्याचे समाधान मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल.

दुसरी गोष्ट टाकीची. ज्या क्वार्टरमध्ये जुनी १० लिटरची फ्लशची टाकी आहे, तेथे पाच माणसांच्या कुटुंबाने दिवसाला प्रत्येकी पाच वेळा ती सोडली तर २५० लिटर पाणी जाते. ६ आणि ३ लिटरची दोन बटणांची टाकी असेल, आणि प्रत्येकाने एकदा मोठे व चारदा लहान बटण दाबले, तर ९० लिटरमध्ये काम भागते. रोजची बचत १६० लिटर. मात्र क्वार्टर खात्याचे, टाकी खात्याची, भिंतही खात्याची. कामगाराने तेथे आपल्या पैशाने टाकी बसवावी आणि बदली झाली की ती सोडून जावे, हे कोणत्या न्यायात बसते? पाणीपट्टी तर पगारातून दरमहा कापली जातेच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नियम करताना वापरणाऱ्याला विचारले पाहिजे. अमेरिकेत सुरुवातीच्या ६ लिटरच्या कित्येक टाक्या एका फ्लशमध्ये काम करीत नसत. लोक दोनदा फ्लश करीत आणि काहींनी शेजारच्या कॅनडातून जुन्या पद्धतीची भांडी आणली. आकडा कागदावर बरोबर होता, काम मात्र होत नव्हते. याचा अनुभव घ्यायला आपल्याला अमेरिकेला जायला नको. रेल्वेच्या डब्यातील दाबून धरायचा नळ आठवा. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने तोटी उत्तम, हात काढला की बंद. पण एका हाताने नळ दाबायचा आणि एकाच हाताने तोंड धुवायचे, ही कसरत प्रत्येक प्रवाशाने केली आहे. कडेवर मूल असलेल्या बाईने काय करावे, हे तो नळ ठरवणाऱ्याने तिला विचारले असेल असे वाटत नाही.

आपल्या वसाहतींची अडचण आणखी वेगळी आहे. तोटीची प्रतवारी ठराविक दाबाने पाणी सोडून ठरते. तिसऱ्या मजल्यावर जेथे मुळातच करंगळीएवढी धार येते, तेथे जाळीची तोटी बसवली तर बादली भरायला अर्धा तास लागेल. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर ती जाळी काही महिन्यांत बुजते. मग कंटाळून माणूस जाळीच काढून फेकतो. तेव्हा आधी त्या इमारतीतील दाब मोजा, मगच तोटी निवडा. आणि जाळी साफ करायला, वायसर बदलायला पाइप फिटर नेमा. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, कामे ठेक्यावर द्यायची आणि भिंतीवर मात्र 'जल ही जीवन है' असे रंगवायचे, याने एक थेंबही वाचत नाही.

आता थोडे आपल्याबद्दलही बोलले पाहिजे. आपल्यातील काही जण थेट लाइनला टुल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढतात. टाकी भरून वाहत असते आणि आपण टी.व्ही.समोरून उठत नाही. बॉलकॉक तुटला तर 'पाणी सरकारी आहे' म्हणून सोडून देतो. सरकारी पाणी म्हणजे परक्याचे पाणी नव्हे. ते खालच्या मजल्यावरील साथीच्या मुलांचे पाणी आहे. प्रशासनाला जाब विचारायचा असेल तर आपले हात स्वच्छ हवेत.

माझ्या मते पुढील मागण्या रेल्वेत पी.एन.एम.च्या बैठकीत आणि डाक खात्यात विभागीय बैठकीत प्रत्येक शाखेने मांडाव्यात:

१. क्वार्टर्स, रनिंग रूम, विश्रांतिगृहे व पोस्ट ऑफिसे यांत यापुढे बदलल्या जाणाऱ्या टाक्या व तोट्या मानकाप्रमाणेच घ्याव्यात. त्याचा खर्च खात्याने करावा, कामगाराकडून वसुली नको.

२. गळतीची तक्रार नोंदल्यापासून ठराविक दिवसांत दुरुस्ती व्हावी. वायसर, बॉलकॉक असे किरकोळ सामान स्टोअरमध्ये कायम असावे आणि फिटरच्या रिकाम्या जागा भराव्यात.

३. आधी वसाहतीच्या मुख्य लाइनवर मीटर बसवून वाटेतील गळती मोजावी. ती थांबवल्याशिवाय पाणीपट्टी वाढवण्याची भाषा करू नये.

४. नवी तोटी वा टाकी सर्वत्र लावण्यापूर्वी एका इमारतीत बसवून पाहावी, आणि तेथील रहिवाशांचे, विशेषतः महिलांचे, मत लेखी घ्यावे.

झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता. त्या काळात बदलीवर आलेली आपली कित्येक मराठी कुटुंबे येथेच राहिली. विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला, मुख्यालय मुंबईहून प्रयागराजला गेले, पण नळापुढील बादल्यांची रांग काही हलली नाही. लातूर असो वा झाशी, पाणी नसल्याचे दुःख एकच आहे. सरकार हे दुकानातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे. त्या गिऱ्हाइकाने उद्या चांगली, टिकाऊ, कमी पाण्याची तोटी मागितली तर सदर बाजारातील दुकानदारही ती समोर मांडील आणि तिची किंमत आपल्या आवाक्यात येईल. ती मागायला त्याला भाग पाडणे, हे आपले काम आहे. पुढच्या शाखा सभेला येताना आपापल्या घरातील गळक्या नळाखाली मग ठेवून घड्याळ लावा आणि आकडा लिहून आणा. मागणीपत्रासोबत तोच आकडा टेबलावर ठेवू.