पट्टीने वजन मोजता येत नाही

महाराष्ट्रात बसून इमारती आखणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरची आणि बर्फाची गाठ पडते ती सॉफ्टवेअरमधल्या एका रिकाम्या चौकटीत. मनालीच्या हॉटेलचे किंवा काश्मीरमधल्या शीतगृहाचे काम येते, कुणीतरी सांगते, ‘तिकडे तीनेक फूट बर्फ पडतो’, आणि त्या तीन फुटांना कुठल्याशा घनतेने गुणून चौकट भरली जाते. गुणाकार बरोबर असतो. गुणलेले दोन्ही आकडे ऐकीव असतात.

ताज्या, भुसभुशीत बर्फाची घनता घनमीटरला 100 किलोच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. बसलेल्या थराची 200 ते 300 आणि भिजलेल्याची 400 पर्यंत जाते. म्हणजे एक मीटर जाडीचा थर चौरस मीटरला 1 किलोन्यूटनही असू शकतो आणि 4 सुद्धा. शिवाय ज्या दिवशी जाडी सर्वाधिक, त्याच दिवशी वजन सर्वाधिक असेल असे नाही. हिमवर्षाव थांबला की थर खचतो, पट्टीवरची उंची उतरते, वजन मात्र तेवढेच राहते. थंडी टिकली तर त्यावर नवे थर चढतात. त्यातच पाऊस झाला, तर बर्फ ते पाणी स्पंजासारखे धरून ठेवतो आणि उंची न वाढता भार वाढतो. म्हणून नोंद हवी ती बर्फ वितळल्यावर किती मिलिमीटर पाणी होईल याची. 102 मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 1 किलोन्यूटन. घनतेचा अंदाजच नको.

हिमभारावरच्या भारतीय मानकाच्या, आयएस 875 भाग 4 च्या, 1987 च्या आवृत्तीने छपराच्या आकारानुसार गुणांक दिले, पण ज्याला ते लावायचे त्या जमिनीवरील भारासाठी मनालीची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था किंवा पुण्याचे हवामान खाते यांना विचारा, असे सांगितले. पुणेकर इंजिनियरला तर शिवाजीनगरपर्यंतच जायचे होते! अर्थात उत्तर मिळाले तरी नोंदकेंद्र किती उंचीवर आहे, नोंदी किती वर्षांच्या आहेत, हे पाहावेच लागते. केंद्र दरीत आणि जागा काही शे मीटर वरच्या उतारावर असेल, तर तो आकडा जसाच्या तसा उचलणे धोक्याचे.

अमेरिकेच्या एएससीई 7 या भार-मानकाच्या जुन्या नकाशांवर बऱ्याच डोंगराळ भागांत आकड्याऐवजी ‘सीएस’ ही दोनच अक्षरे असत: इथे स्वतंत्र अभ्यास करा. इतरत्र पन्नास वर्षांच्या पुनरावृत्तिकाळाचा भार घेऊन त्याला सरसकट 1.6 ने गुणले जाई. गुणण्याआधीचा हा भार पन्नास वर्षांत एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता 64 टक्के असते. जिथे बहुतेक हिवाळे कोरडे आणि एखादाच भयंकर, तिथे 1.6 तोकडा पडे. जिथे दरवर्षी सारखाच बर्फ, तिथे तो जास्त होई. 2022 च्या आवृत्तीने विश्वासार्हतेवर बेतलेले भार थेट नकाशावर आणले आणि गुणक 1.0 केला. तो आकडा उचलून त्यावर आपल्या भारतीय मानकांचा 1.5 लावणे म्हणजे सुरक्षिततेचा गुणक दोनदा मोजणे. उलट चूक अधिक घातक: पन्नास वर्षांचा जुना आकडा घेऊन 1.0 लावणे.

सर्वांत जास्त काळजी हलक्या शेडची. वावर नसलेल्या छपराला आपण 0.75 किलोन्यूटन लाइव्ह लोड धरतो. 300 किलो घनतेच्या बर्फाचा वीतभर, म्हणजे 25 सेंटिमीटरचा, थर तेवढाच भार टाकतो. काँक्रीटच्या स्लॅबचे स्वतःचेच वजन मोठे असते, त्यामुळे बर्फाचा अंदाज थोडा चुकला तरी एकूण भारात फार फरक पडत नाही. पत्र्याच्या छपरावर बर्फ हाच मुख्य भार.

प्रत्येक कोसळण्याचे खापर मात्र या आकड्यावर फोडता येत नाही. 2 जानेवारी 2006 रोजी जर्मनीतील बाड राइशनहाल इथे स्केटिंग रिंकचे छप्पर पडून 15 जण गेले, तेव्हा बर्फ संकल्पित भाराच्या आतच होता. लाकडी गर्डरांचे सांधे ज्या गोंदाने जोडले होते, तो ओलाव्याने निकामी झाला होता. अशी तपासणी करता येते, कारण मूळ भार कागदावर असतो. म्हणून डिझाइन बेसिस रिपोर्टमध्ये नुसते ‘स्नो लोड 3’ लिहून भागू नये. नोंदकेंद्राचे नाव, त्याची व जागेची उंची, नोंदींची वर्षे, जाडी मोजली की पाण्याचे प्रमाण, कुठला पुनरावृत्तिकाळ, एवढे त्याच पानावर यावे. आणि यातले जे मिळाले नाही, तिथे काय गृहीत धरले तेही.